गळते केस आणि कलप

“हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत,” असे म्हातारी माणसे म्हणतात. खरेच आहे ते. केस वयाने पांढरे होतात. मग कोणाच्या घरी लग्नकार्य निघते. कोणाला शहरात कामासाठी जायचे असते. कोणाला आरशात जरा बरे दिसावे, एवढेच वाटते. म्हणून माणूस केसांना कलप लावतो किंवा मेंदी लावतो. यात वाईट काही नाही. नीटनेटके दिसावे असे सर्वांनाच वाटते.

पण पुष्कळांची अडचण दुहेरी असते. केस पांढरे होत असतात आणि गळतही असतात. रंग लावावा तर उरलेले केसही जातील, ही भीती. न लावावा तर डोके विरळही दिसते आणि पांढरेही दिसते. अशा माणसाने काय करावे? ते आपण या धड्यात पाहू. धडा सावकाश वाचा. एका बैठकीत वाचून झाला नाही तरी चालेल.

१. केस म्हणजे काय?

केसाचे दोन भाग असतात. एक भाग कातडीच्या आत असतो. ते केसाचे मूळ. ते जिवंत असते. दुसरा भाग कातडीच्या बाहेर असतो. तो निर्जीव असतो. म्हणून केस कापला तर दुखत नाही, पण उपटला तर दुखतो.

शेतातले पीक डोळ्यांपुढे आणा. पिकाचे मूळ मातीत असते, तसे केसाचे मूळ डोक्याच्या कातडीत असते. माती चांगली तर पीक चांगले. कातडी निरोगी तर केस चांगला.

माणसाच्या डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात. एक केस महिन्यात साधारण १ सेंटिमीटर वाढतो. तो काही वर्षे वाढत राहतो. मग सुमारे ३ महिने विसावा घेतो आणि गळून पडतो. त्याच जागी नवा केस येतो. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणे ही साधी गोष्ट आहे. फणीत चार केस दिसले की लगेच घाबरू नये.

केसाच्या मुळाशी रंग तयार होतो. वय वाढले की तेथे रंग तयार होईनासा होतो. मग मुळातून पांढराच केस वर येतो. पांढरा होणे वेगळे आणि गळणे वेगळे. केस पांढरा झाला म्हणून तो गळतो, असे नाही.

२. कलप कसा चढतो?

केसाच्या अंगावर फार बारीक पापुद्रे असतात. घरावर कौले जशी एकावर एक रचलेली असतात, तसे ते असतात. कौले नीट बसलेली असली की पाऊस आत शिरत नाही. पापुद्रे नीट असले की केस गुळगुळीत आणि मजबूत राहतो.

पक्का कलप लावला म्हणजे काय होते? कलपातले औषध ही कौले वर उचलते. रंग आत शिरतो. आत गेल्यावर तो काळा होतो आणि तेथेच अडकतो. म्हणून धुतल्यावरही जात नाही. पण एकदा उचललेली कौले पूर्वीसारखी घट्ट बसत नाहीत. केस कोरडा होतो, खरबरीत होतो. पुन्हा पुन्हा कलप लावला तर मध्येच तुटतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात धरा. कलपाने तुटलेला केस मुळातून गेलेला नसतो. मूळ कातडीत शाबूत असते. तेथून पुन्हा केस येतो. पण ज्याचे केस आधीच विरळ आहेत, त्याचे चार केस तुटले तरी डोके उघडे दिसते. आणि कलपाने डोक्याची कातडी भाजली, सुजली किंवा चिघळली, तर मात्र मुळालाही धोका पोहोचतो. सुपीक मातीवर खारे पाणी फिरावे तसे होते.

गळलेला केस कोणता आणि तुटलेला कोणता, हे घरी ओळखता येते. पडलेला केस उजेडात धरा. त्याची दोन्ही टोके पाहा. एका टोकाला बारीक पांढरा गोळा दिसला, तर तो मुळातून गळला आहे. गोळा नसला, तर तो बहुधा मध्येच तुटला आहे. तुटके केस जास्त दिसत असतील तर कलप, गरम यंत्र, घट्ट फणी यांच्याकडे पाहा. गोळ्याचे केस जास्त दिसत असतील तर कारण शरीरात शोधा.

३. आधी कारण, मग रंग

केस गळायला लागले की माणूस आधी दुकानात जातो. तेल आणतो, कलप आणतो. हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! गळण्याचे कारण एकीकडे आणि उपाय दुसरीकडे. आधी कारण शोधा.

मोठा ताप येऊन गेला की २ ते ३ महिन्यांनी केस गळू लागतात. मुदतीचा ताप, डेंगी, हिवताप यांनंतर असे होते. २०२० आणि २०२१ साली करोनाची साथ होती. त्या आजारातून उठलेल्या अनेकांचे केस असेच गळले. बाळंतपणानंतरही २ ते ४ महिन्यांनी बाईचे केस मूठमूठ गळतात. मोठे ऑपरेशन, मनाला बसलेला धक्का, फार दिवस पोटभर अन्न न मिळणे, यांनीही असे होते. हे गळणे बहुतेक वेळा आपोआप थांबते. काही महिन्यांत केस पुन्हा येतात. अशा वेळी कलप लावण्याची घाई नको. नवे कोवळे केस येऊ द्या.

अंगात रक्त कमी असले तरी केस गळतात. आपल्याकडच्या पुष्कळ बायांचे दुखणे हेच असते. चालताना दम लागतो, डोळ्यांखालचा भाग फिका दिसतो, थकवा येतो आणि केसही जातात. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. गळ्यातील थायरॉइड नावाच्या ग्रंथीचे काम बिघडले तरी केस जातात. तेही रक्त तपासून कळते.

पुरुषांचे कपाळ मोठे होत जाते, टाळूवर टक्कल पडते. बायकांचा भांग रुंद होत जातो. हे बहुधा वंशपरंपरेने येते. ते हळूहळू होते. त्यावर औषधे आहेत, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. ‘महिन्यात टकलावर केस’ अशी जाहिरात करणाऱ्यांच्या नादी लागू नये.

डोक्यावर एकाच जागी रुपयाएवढा गोल गुळगुळीत डाग पडला, तर ती चाई असू शकते. डाग पडून त्यावर कोंडा, खाज, पू असेल, तर ते गजकर्ण असू शकते. गजकर्ण एकाचे दुसऱ्याला होते. लहान मुलांना तर लवकर होते. अशा डोक्याला रंग लावायचा नाही. आधी डॉक्टरांना दाखवायचे.

गळणाऱ्या केसांना रंग लावून विसरून जाऊ नये, याचे एक उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. २०२४ च्या डिसेंबरात आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. हात लावला की केस हातात यावेत, अशी स्थिती झाली. थोड्या दिवसांत काहींना टक्कल पडले. लोक घाबरले. पण त्यांनी ती गोष्ट लपवली नाही, सांगितली. म्हणून आरोग्य खात्याचे लोक आले, मोठे डॉक्टर आले, पाणी आणि रक्त तपासले गेले. विंचूदंशावरील कामासाठी नावाजलेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीही तपास केला. त्यांना रोग्यांच्या रक्तात आणि त्यांच्या खाण्यातल्या गव्हात सेलेनियम नावाचे द्रव्य फार जास्त आढळले. हे द्रव्य अंगाला किंचित लागते. जास्त झाले की केस आणि नखे जातात.

यातून काय शिकायचे? केस गळणे ही कधी कधी शरीराने मारलेली हाक असते. ती हाक ऐका. घरात दोघा-तिघांचे केस एकदम गळू लागले, किंवा गावात अनेकांचे गळू लागले, तर ताबडतोब आशाताईंना आणि आरोग्य केंद्राला कळवा.

४. कोणता रंग घ्यावा?

कारण कळले. डॉक्टर म्हणाले, “काळजीचे काही नाही.” डोक्यावर जखम नाही, खाज नाही. आता रंग लावायला हरकत नाही. पण कोणता?

पहिला रंग शुद्ध मेंदीचा. मेंदीची पाने वाळवून कुटून केलेली ही पूड हिरवट असते. तिचा रंग तांबूस किंवा केशरी येतो. काळा कधीही येत नाही. ती केसांच्या कौलांना उचकटत नाही, वरून लेप देते. म्हणून विरळ केसांच्या माणसाला ती पुष्कळ बरी. तिने केस थोडे कोरडे होतात. त्यासाठी दुसऱ्या दिवशी तेल लावावे.

दुसरा रंग मेंदी आणि नीळ यांचा. ही नीळ म्हणजे कपड्यांना घालायची नीळ नव्हे, बरे का! नीळ नावाचे झाड असते, त्याच्या पानांची ही पूड. आधी मेंदी लावून धुतात. मग निळीची पूड पाण्यात कालवून लावतात. केस काळसर होतात. वेळ जास्त लागतो, पण तेज औषध लागत नाही.

तिसरा रंग पक्का कलप. हा अर्ध्या तासात काळा करतो. यातल्या बहुतेक कलपांत पॅरा-फेनिलिन-डायअमीन नावाचे रसायन असते. थोडक्यात त्याला पी.पी.डी. म्हणतात. पुष्कळांना ते सोसते. काहींना मुळीच सोसत नाही. कोणाला सोसेल हे तोंड पाहून कळत नाही.

चौथी वस्तू ‘काळी मेंदी’. हिच्यापासून सावध राहा. मेंदी काळी नसतेच, हे आपण वर वाचले. अर्ध्या तासात काळीभोर होणाऱ्या ‘मेंदीत’ बहुधा हेच पी.पी.डी. मिसळलेले असते. नाव मेंदीचे आणि काम कलपाचे. आठवडी बाजारात सुटी विकली जाणारी अशी पूड तर घेऊच नये. तिच्यात काय आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आता रंगाच्या छटेविषयी एक युक्ती. विरळ केसांना अगदी काळाकुट्ट रंग लावला की मधली कातडी उठून दिसते. टक्कल झाकण्याऐवजी उघडे पडते. शिवाय महिनाभरात मुळाशी पांढरी रेघ दिसू लागते. त्यापेक्षा तपकिरी किंवा फिकट काळी छटा घ्यावी. ती कातडीत मिसळून जाते. केस दाट भासतात आणि पुन्हा रंगवण्याची घाईही होत नाही.

५. पाकीट वाचा

वाचकहो, तुम्ही अक्षरे शिकलात. त्यांचा उपयोग पोथीला होतो, पत्राला होतो, तसा कलपाच्या पाकिटालाही होतो. पैसे देण्याआधी पाकीट हातात घ्या आणि वाचा.

बनवणाऱ्याचे नाव आणि पत्ता आहे काय? कधी बनवले आणि कधीपर्यंत वापरायचे, ती तारीख आहे काय? मुदत संपलेले पाकीट परत करा. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे अशा कलपावर सावधगिरीची सूचना छापावी लागते. वापरण्याआधी कातडीवर परीक्षा करा आणि भुवयांना व पापण्यांना लावू नका, नाही तर आंधळेपण येऊ शकते, असे त्या सूचनेत असते. ती सूचना शोधा.

कोणकोणती द्रव्ये आहेत, हे पुष्कळदा बारीक इंग्रजी अक्षरांत असते. ते घरच्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला वाचायला सांगा. त्यात लाज कसली? आमच्या शाळेत मुलगा वाचायला शिकला की घरच्या पाकिटांवरचे वाचून आणायला आम्ही सांगत असू. त्यात पी.पी.डी. आहे काय, एवढे पाहायला सांगा. पाकिटावर पानाफुलांचे चित्र असते, ‘वनस्पतींचा रंग’ असे मोठ्या अक्षरांत असते आणि मागे बारीक अक्षरांत पी.पी.डी. असते. ‘अमोनिया नाही’ असे लिहिलेले असले तरी पी.पी.डी. असू शकते. मोठी अक्षरे विकण्यासाठी असतात. बारीक अक्षरे आपल्यासाठी असतात.

६. ४८ तासांची परीक्षा

या धड्यातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

रंग लावायच्या २ दिवस आधी थोडासा कलप कालवा. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला छोटा ठिपका लावा. पाकिटावर लिहिले असेल तसे करा. ४८ तास, म्हणजे पुरते २ दिवस, वाट पाहा. खाज, आग, लाली, सूज, फोड यांतले काहीही आले, तर तो ठिपका धुऊन टाका आणि तो कलप कधीही लावू नका. काही झाले नाही तरच पुढे जा. मेंदी पहिल्यांदा लावतानाही अशीच परीक्षा करा.

कोणी म्हणेल, “मी १० वर्षे हाच कलप लावतो. मला कसली परीक्षा?” पण शरीर आज सोसते ते उद्या सोसेलच असे नाही. वर्षानुवर्षे कलप लावणाऱ्यालाही एके दिवशी अचानक त्रास होतो. म्हणून परीक्षा दर वेळी करायची.

आमच्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. एका गावी लग्न होते. नवरीच्या मामांना दोन महिन्यांपूर्वी मुदतीचा ताप येऊन गेला होता. केस गळून विरळ झाले होते. उरलेले पांढरे दिसत होते. मामांनीच तर नवरीला बोहल्यावर आणायचे! त्यांना वाटले, जरा तरुण दिसावे. लग्नाच्या आदल्या रात्री त्यांनी बाजारातून कलप आणला. “रंग पक्का बसू दे,” म्हणून रात्रभर डोक्यावर तसाच ठेवला. पाकिटावर ३० मिनिटे लिहिले होते. पण वाचले कोणी?

पहाटे मामा उठले ते खाजवतच. सकाळी कपाळ सुजले. मग डोळे सुजून मिटले. डोक्यातून पाणी झिरपू लागले. मांडवात सनई वाजत होती आणि मामा ग्रामीण रुग्णालयात खाटेवर पडले होते. नवरीला धाकट्या मामाने आणले. डॉक्टरांनी मामांना विचारले, “परीक्षा केली होती काय?” मामा म्हणाले, “कसली परीक्षा?” सूज उतरायला आठवडा गेला. भाचीच्या डोक्यावर अक्षता टाकायचे राहून गेले, ते राहूनच गेले. आता पुन्हा त्यांनी कलपाला हात लावायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. एकदा ज्याला हे रसायन सोसत नाही, त्याला ते सहसा जन्मभर सोसत नाही.

तेव्हा कार्याच्या आदल्या रात्री कलप लावू नका. लावायचाच तर निदान आठवडाभर आधी परीक्षा करा, मग लावा.

७. रंग कसा लावावा?

आदल्या दिवशी डोके धुऊ नका. कातडीवरचे नैसर्गिक तेल तिचे रक्षण करते. खसाखसा खाजवू नका, रुतणारी फणी फिरवू नका.

खिडकी उघडी ठेवा. हातांत मोजे घाला. ते बहुधा पाकिटातच असतात. कपाळाची कड, कान आणि मान यांना खोबरेल तेलाचा हात लावा.

कलप काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात कालवा. पितळ, तांबे, लोखंड नको. लागेल तेवढाच कालवा. उरलेला टाकून द्या. एका कंपनीचा कलप दुसऱ्याच्यात मिसळू नका. मेंदीत कलप कालवू नका.

भांग पाडून थोडे थोडे केस घ्या. रंग केसांना लावा, कातडीवर चोळू नका. विरळ जागी तर फारच हलका हात ठेवा. पूर्वी रंगवलेल्या केसांवर दर वेळी पुन्हा रंग फासू नका. मुळाशी जो पांढरा भाग नवा आला असेल तेवढ्यालाच लावा. भुवया, पापण्या यांना मुळीच लावू नका.

घड्याळ लावा. पाकिटावर २० मिनिटे असतील तर २० मिनिटे, ३० असतील तर ३०. अति तेथे माती! मध्येच आग होऊ लागली तर वेळेची वाट पाहू नका, लगेच धुऊन टाका.

कोमट पाण्याने धुवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. कढत पाणी नको. केस पंचाने रगडू नका, टिपून घ्या. ओले केस लवकर तुटतात, म्हणून वाळल्यावर मोठ्या दातांच्या फणीने विंचरा.

न्हाव्याच्या दुकानात रंगवून घेत असाल तर आपले पाकीट आपल्यासमोर उघडायला सांगा. ब्रश आणि वाटी धुऊन घ्यायला सांगा. “दादा, जरा धुऊन घ्या,” एवढे म्हटल्याने कोणाचा मान कमी होत नाही.

एकदा कलप लावल्यावर निदान ६ ते ८ आठवडे पुन्हा लावू नका. केस सरळ करण्याचे औषध आणि कलप एकाच दिवशी तर मुळीच नको.

मेंदी लावायची रीत सोपी आहे. पूड कोमट पाण्यात काही तास भिजवा. स्वच्छ, कोरड्या केसांना लावा. दोन-तीन तासांनी साध्या पाण्याने धुवा. महिन्यातून एकदा पुरे.

८. कधी लावू नये?

डोक्यावर जखम, फोड, खरूज, गजकर्ण असेल तर रंग लावू नये. ताप असताना लावू नये. केस मूठमूठ गळत असताना कलप लावू नये. लहान मुलांना कधीही लावू नये. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारावे; पहिले ३ महिने तर थांबावेच.

टकलावर लावायचे औषध डॉक्टरांनी दिले असेल, तर ते आणि कलप एकाच दिवशी डोक्यावर नको. दोहोंत निदान एक दिवसाचे अंतर ठेवा आणि डॉक्टरांना विचारा. कर्करोगाच्या औषधांनी केस गेलेल्यांना नवे केस आल्यावर रंग लावायचा मोह होतो. पण ते केस कोवळे असतात. डॉक्टर साधारण ६ महिने थांबायला सांगतात.

९. त्रास झाला तर

डोक्याला खाज किंवा आग सुटली तर भरपूर साध्या पाण्याने धुवा. वर लिंबू, चुना, हळद काही लावू नका. रंग डोळ्यांत गेला तर डोळे पाण्याने धुवत राहा आणि दवाखान्यात जा. तोंड किंवा डोळे सुजले, घसा आवळला, श्वास लागला, तर एक घटकाही घालवू नका. १०८ क्रमांकाला फोन करा.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. कलप पोटात गेला तर तो जहाल विष आहे. जीभ आणि गळा सुजतो, श्वास कोंडतो. पुढे लघवी काळसर होते, मूत्रपिंडे बंद पडतात. कलपाच्या विषाने आपल्या देशात माणसे दगावली आहेत. लहान मूल सरबत समजून बाटली तोंडाला लावते. म्हणून कलप स्वयंपाकघरात किंवा न्हाणीच्या कोनाड्यात ठेवू नका. कुलपात ठेवा. उरलेला कलप दुसऱ्या बाटलीत भरू नका. घरात कोणी फार दुःखात किंवा रागात असेल, तर कीटकनाशकाप्रमाणे कलपही त्याच्या हाती लागू देऊ नका. कोणाच्या पोटात गेलाच, तर बळेच ओकारी काढू नका. पाकीट किंवा बाटली बरोबर घ्या आणि थेट मोठ्या रुग्णालयात चला. “आता बरे दिसते आहे,” म्हणून घरी थांबू नका. सूज नंतरही वाढते.

लक्षात ठेवा

आधी गळण्याचे कारण, मग रंग.
पाकीट वाचल्याशिवाय पैसे देऊ नये.
दर वेळी ४८ तासांची परीक्षा.
रंग केसांना, कातडीला नव्हे.
घड्याळाप्रमाणे धुवावे.
कलप कुलपात ठेवावा.

आणि कोणाला रंग लावायचाच नसेल, किंवा डॉक्टरांनी मना केला असेल, तर तसेच राहावे. केस बारीक कापून घेतले की विरळ डोकेही चांगले दिसते. पांढऱ्या केसांनी कोणाचा मान घटत नाही. डाळी, हिरव्या भाज्या, शेंगदाणे, गूळ, ज्यांना चालतात त्यांनी अंडी, असे पोटभर खावे. जे केस आहेत ते निरोगी राहावेत, हीच खरी शोभा.

प्रश्न

१. गळलेला केस आणि तुटलेला केस कसा ओळखाल?
२. ताप येऊन गेल्यावर किती महिन्यांनी केस गळू लागतात?
३. मेंदीचा खरा रंग कोणता? ‘काळी मेंदी’ का घेऊ नये?
४. मामांच्या कोणकोणत्या गोष्टी चुकल्या? मोजून सांगा.
५. कोणाच्या पोटात कलप गेला तर काय कराल?

करून पाहा

घरात कलपाचे किंवा मेंदीचे पाकीट असेल तर ते वर्गात आणा. त्यावरची तारीख आणि सूचना मोठ्याने वाचा. न वाचता आलेले शब्द फळ्यावर लिहा आणि सर्वांनी मिळून वाचा.